कृपया टाळ्या शेवटी

मे महिना लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. 'गच्चीवर मासे सुकत घालणाऱ्यांनी इतर रहिवाशांचा विचार करावा, ही नम्र विनंती.' घालणाऱ्यांनी, असं अनेकवचन. अख्ख्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर मासे सुकत घालणारी बाई एकच, आणि ती माझी आई. आम्ही तिला आये म्हणतो. सेक्रेटरी काका भला माणूस, ते नाव घेत नाहीत. आये व्हॉट्सॲप वाचत नाही. त्यामुळे दोघांची अब्रू राहते आणि बोंबीलही वाळतात.

परवा सकाळी मी गच्चीवर गेले तेव्हा आये जवळा पसरत होती. डोक्यावर पदर, हातात कावळे हाकायची काठी. हायवेवरून न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर धडधडत होते आणि त्यावर आवाज काढून ती समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईशी बोलत होती. "आनखी दोन दिस थांब गो! उन्हान अजून नीट सुकला नाय!" ती बाई चौथ्या मजल्यावर, मध्ये अख्खा रस्ता. तरी बाईंना शब्दन् शब्द कळला. आमच्या अख्ख्या सुकापुरात आणखी कुणाकुणाला कळला असेल, देव जाणे.

माझ्या पर्समध्ये तेव्हा कॉलेजचा एक कागद होता. मी पनवेलच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. यंदा पदवीदान समारंभाचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलंय. प्राचार्य सरांनी सूचना टाइप करून दिल्यात आणि त्यातली एक ठळक अक्षरांत आहे. 'प्रत्येक नावानंतर टाळ्या वाजवू नयेत. कृपया टाळ्या शेवटी.' ती वाचून मी त्यांच्या केबिनमध्ये एकटीच हसले. सर चष्म्यावरून बघायला लागले.

"काही चुकलंय का, मॅडम?"

"नाही सर, अगदी बरोबर आहे. हेच वाक्य मी पूर्वी एकदा इंग्रजीत वाचलंय, म्हणून हसू आलं."

सरांना ते काही पटलं नाही. त्यांना वाटलं, व्याकरणाची चूक काढतेय.

आमच्याकडे मे महिना म्हणजे आगोट. जूनमध्ये होड्या वर ओढायच्या, म्हणून त्याआधी लोक पावसाळ्याची बेगमी करतात, सुकट, बोंबील, खारा बांगडा घरात भरून ठेवतात. मच्छी विकणाऱ्या बाईला या दिवसांत पाठ टेकायला फुरसत नसते. आये अंगात ताप असताना बाजारात बसलीय, माझ्या काकाच्या लग्नात हळद लावून दुपारी बाजारात परतलीय. अशा बाईनं एका वर्षी आख्खी आगोट सोडली. टोपल्या उपड्या घातल्या, जागा शेजारणीला दिली आणि विमानात बसून अमेरिकेला आली. दर मे महिन्यात जवळ्याचा वास नाकात गेला की मला ती तिथल्या हिरवळीवर दिसते, केशरी वेणी माळून, हातात चर्चचा पुठ्ठ्याचा पंखा घेऊन.

मी अमेरिकेत शिकले हे लोकांना सांगितलं की ते लगेच एखाद्या बड्या विद्यापीठाचं नाव घेतात. माझं कॉलेज कुणाच्या ऐकण्यातलं नाही. दक्षिणेतल्या एका लहानशा गावात, पाइनच्या झाडांत आणि माथेरानसारख्या लाल मातीत ते उभं आहे. गुलामी संपल्यावर थोड्याच वर्षांत एका चर्चच्या तळघरात ते सुरू झालं. कालपरवापर्यंत ज्यांना अक्षर गिरवलं तर फटके मिळायचे, ती माणसं दिवसभर शेतात राबून संध्याकाळी कंदील घेऊन तिथं यायची. पुढं इमारत बांधायची झाली तेव्हा विटाही विद्यार्थ्यांनीच पाडल्या आणि भाजल्या. आजही तिथं शिकणारी बहुतेक मुलं काळी आहेत, चर्चचा हात अजून कॉलेजच्या पाठीवर आहे, आणि विज्ञानाच्या मुलांनाही इतिहास, संगीत, तत्त्वज्ञान शिकल्याशिवाय पदवी मिळत नाही.

मी तिथं पोचले ती आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या मॅडममुळे. पूर्ण फी माफ करणारी कॉलेजं त्या शोधून द्यायच्या. बाकीच्यांनी नाही म्हटलं, यांनी ये म्हटलं. मी आनंदानं घरी सांगितलं तर मामा कपाळाला हात लावून बसला. "काळ्या लोकांत पाठवतेस पोरीला?"

आये तेव्हा कोलंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "मंग आपन काय गोरं हाव? जा, तोंड बघ जा आरशान."

मामा आरशात बघायला गेला नाही.

पहिल्या आठवड्यातच चॅपल होतं. चॅपल म्हणजे कॉलेजच्या आवारातलं प्रार्थनाघर. दर आठवड्याला सगळ्यांनी तिथं जमायचं, कुठल्याही धर्माचे असा. मी आपली शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसले. एक मुलगी भाषणाला उभी राहिली आणि दोन वाक्यांत अडकली. पुढचं काही आठवेना. आमच्या शाळेत असं झालं की आधी शांतता, मग मागच्या बाकावरून खुसखुस, मग हुर्यो. इथंही मागून आवाज आलाच. मला वाटलं, झालं, आता खिल्ली उडवणार हिची. पण मागची एक पोक्त बाई म्हणत होती, "सावकाश, बाळा, सावकाश." दुसरीकडून कुणीतरी म्हटलं, "आम्ही इथंच आहोत." तिसरा म्हणाला, "बोल, बाई, बोल." सगळं सभागृह तिच्या पाठीशी उभं राहिलं. मुलीनं श्वास घेतला आणि भाषण पुढं सुरू केलं. मला तर रडूच फुटलं. शेजारी बसलेल्या जॅस्मिननं, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं, माझ्या हातात रुमाल कोंबला आणि हळूच विचारलं, "तुला घरची आठवण येतेय का?"

येत होतीच. पण घरचं काय आठवत होतं ते तिला एका वाक्यात सांगता आलं नसतं.

आता आयेची एक गोष्ट सांगायला हवी. तिचा आवाज बाजाराचा आहे. पनवेलच्या मच्छी बाजारात ती हाक घालते तेव्हा गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येतं. भांडताना, हसताना, देवाला गाऱ्हाणं घालताना, आवाज तोच. पण खुर्च्या रांगेत मांडलेल्या दिसल्या की तिचा आवाज बंद. शाळेची पालकसभा असो, बँक असो, दवाखाना असो. ओळीनं खुर्च्या दिसल्या की पदर सावरून, ओठ मिटून कडेच्या खुर्चीत बसणार. तिथं तिला लहानपणापासून कुणी ना कुणी गप्प केलंय. "ए मावशी, हा बाजार नाही," हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं कुणी म्हणायच्या आधीच ती गप्प व्हायला लागली.

बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते. ते न्हावा शेव्याला ट्रेलरवर ड्रायव्हर होते. दवाखान्यातल्या त्या निळ्या खुर्च्यांच्या रांगेत आम्ही बसलो होतो, डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं. आयेनं मान हलवली. कागदावर सही केली. तोंडातून हूं की चूं नाही. नर्स माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझी आई फार धीराची आहे." रिक्षातही ती गप्पच होती. घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मग तिनं जो टाहो फोडला, त्यानं सगळा कोळीवाडा गोळा झाला. नर्स म्हणाली तो धीर नव्हता. त्या खुर्च्यांत बसून रडायचाही हक्क नाही, असं आयेला वाटलं होतं. हे आठवलं की अजूनही माझा संताप होतो, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी तिथला पदवीदान समारंभ पाहिला. पाण्याच्या बाटल्या वाटायच्या कामावर मला घेतलं होतं. ओकच्या मोठमोठ्या झाडांखाली हिरवळीवर खुर्च्या मांडलेल्या, रांगांवर रांगा. बायकांच्या डोक्यावर हॅट, एकेक हॅट म्हणजे आमच्याकडचं नवरीचं सजवलेलं ताट. जांभळ्या, पिवळ्या, पिसांच्या, जाळीच्या. आणि प्रत्येक खुर्चीवर छापील कार्ड, त्यावर ते वाक्य. सर्व नावं होईपर्यंत कृपया टाळ्या राखून ठेवाव्यात.

पहिलं नाव पुकारलं गेलं आणि डाव्या अंगाला बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. दहा-पंधरा माणसं उभी राहून ओरडत होती. कुणी गाईच्या गळ्यातली घंटा वाजवतंय, कुणी "ते माझं लेकरू आहे!" म्हणून छाती बडवतंय. दुसरं नाव, उजवीकडून कल्लोळ. मी घाबरून प्राध्यापकांकडं पाहिलं. ते सगळे हसत होते. कार्ड वाऱ्यानं हिरवळीवर उडत होती आणि कुणी उचलतही नव्हतं.

जॅस्मिनची आजी दर वर्षी त्या समारंभाला यायची, नात्यातलं कुणी असो वा नसो. मिस आर्लीन. तिकडं थोरामोठ्यांना नावापुढं मिस लावतात. मी तिला विचारलं, "कार्डावर एवढं स्पष्ट लिहिलंय, तरी ओरडता?" तिनं मला शेजारी बसवलं. म्हणाली, "हे बघ बाळा. माझ्या पणजीचं नाव मोठ्यानं पुकारलं गेलं ते एकदाच, तिला विकताना. माझ्या वडलांना म्हातारपणीही गोरे लोक ए पोरा म्हणायचे. आता आमच्या लेकराचं सबंध नाव, आडनावासकट, पदवीसकट कुणी माइकवर पुकारतंय, आणि मी ते मुकाट्यानं ऐकून घेऊ? कॉलेजनं कार्ड छापायचं, आम्ही ओरडायचं. माझ्या आठवणीत हे असंच चाललंय."

त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं. माझं नाव पुकारलं जाईल तेव्हा इथं आये हवी. खुर्च्यांच्या रांगेत बसलेली माझी आये, पोटातून ओरडणारी. मला पदवीपेक्षा त्याचंच जास्त वेड लागलं.

शेवटच्या वर्षी तिला फोनवर म्हटलं, "आये, तू यायचं. आणि माझं नाव घेतलं की बाजारात घालतेस तशी हाक घालायची."

"खुळी काय गो तू? देवाचं घर हाय ना तुजं कॉलेज?"

"म्हणून तर. तिथं सगळे ओरडतात."

"त्येंची जागा हाय, ते ओरडतील. आपन पावने."

तिकिटाचं कसं जमवलं ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही आणि मीही खोदून विचारत नाही. व्हिसाच्या हापिसातही रांगेत खुर्च्या. तिथं काचेमागच्या माणसानं दुभाष्यातर्फे विचारलं, काम काय करता? ही म्हणे इतकी हळू बोलली की दुभाष्याला काचेला कान लावायची पाळी आली. "मच्छी इकते." आणखी काय काय विचारलं ते तिला आठवत नाही. शिक्का मिळाला. कोळीवाड्यात पेढे वाटले, मामानंच वाटले.

ती आली ती सामानात तळलेले बोंबील, कोळी मसाल्याची भली थोरली पिशवी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली अबोलीची वेणी घेऊन. बोंबील आणि वेणी विमानतळावरच काढून घेतले. मसाला कसा सुटला कुणास ठाऊक. बोंबलांचं तिला काही वाटलं नाही, पण वेणीसाठी दोन दिवस हळहळली. मग जॅस्मिननं कापडी फुलांच्या दुकानातून अबोलीच्या जवळपास जाणारी केशरी फुलं आणली आणि आयेनं ती बसून ओवली. मिस आर्लीन बघत होती. तिनं आपली जांभळी हॅट काढून आयेच्या हातात दिली, आयेनं ती उलटसुलट करून शिवण तपासली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "काम बरीक सुरेख हाय. हिला सांग, होळीला घालून ये आमच्याकडं."

दोघींचं कसं जमलं ते मला नीट सांगता येणार नाही. एकीला मराठीचं अक्षर येत नाही, दुसरीला इंग्रजीचं. समारंभाच्या आदल्या दिवशी चर्चच्या मागच्या अंगणात सगळ्यांना तळलेली मासळी होती, ती तिकडची पद्धतच आहे. मोठी कढई, मक्याच्या पिठात घोळवलेले नदीचे मासे. आयेनं एक मासा शेपटीला धरून उचलला, त्याच्या मिशा बघितल्या आणि जाहीर केलं, "ही तर आपल्या शिंगाल्याची भैन!" मग वास घेतला. "चिखलान वाढलीय बिचारी." मी हे भाषांतर केलं नाही. पण मिस आर्लीनला तिचं तोंड बघूनच कळलं आणि ती कढईमागं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुझ्या आईला सांग, बोलणाऱ्यानं तळून दाखवावं." झालं! आयेनं पदर खोचला, पिशवीतला मसाला काढला. पुढचा तासभर कढईवर दोघींची अशी काही जुगलबंदी लागली की चर्चचे पाळक साहेबसुद्धा ताट घेऊन रांगेत उभे राहिले. आयेचा मासा खाऊन मिस आर्लीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिनं नाक पुसलं आणि दुसरा मागितला.

त्या अंगणात आयेचा आवाज लागलेला होता. "ए जॅस्मिन, पानी आन!" म्हणून ओरडली तरी कुणाला वावगं वाटलं नाही. मला वाटलं, बास, आता उद्याची काळजी नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी कॉलेजात फिरलो. विद्यार्थ्यांनी भाजलेल्या विटांची ती जुनी इमारत मी तिला दाखवली. तिनं भिंतीवरून हात फिरवला. "आपल्याकडं भट्टीवर कातकऱ्यांची पोरं विटा वाहतात. त्येंनी कवा अशी शाळा बांधली नाय."

"त्यांना कुणी बांधू दिली नाही, आये."

"व्हय. तसंच हाय ते," ती म्हणाली. मग आम्ही हिरवळीवर आलो. कामगार खुर्च्या मांडत होते. पांढऱ्या, घडीच्या, सुतात लावल्यासारख्या रांगा. मी आयेकडं पाहिलं. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता आणि ओठ मिटले होते.

"आये, उद्या हाक घालशील ना?"

ती खुर्च्यांना वळसा घालून कडेकडेनं चालायला लागली.

आता इथं पनवेलमध्ये मी किती समारंभांना बसले असेन. नाटकाचं थिएटर भाड्यानं घेतलेलं, एसी जोरात, व्यासपीठावर शाली आणि नारळ. नाव पुकारलं जातं, मुलगी खाली मान घालून येते, फोटो, पुढचं नाव. शिरढोणहून, आतल्या वाड्यांवरून आलेले आईबाप मागच्या रांगांत बसलेले असतात. घरात पहिल्यांदाच कुणीतरी ग्रॅज्युएट झालेलं असतं. बाप मोबाइल वर धरून फोटो काढायला उठतो तर शिपाई दटावतो, "बसून घ्या." तो बसतो. शेवटी सगळ्यांच्या मिळून एकदा टाळ्या होतात आणि त्यांतल्या आपल्या लेकीच्या वाटणीच्या किती, ते त्याला कळत नाही. प्राचार्य सरांना मी शिस्तीबद्दल नावं ठेवत नाही. त्यांना कार्यक्रम वेळेत संपवायचा असतो, पाहुण्यांना दुसरीकडं जायचं असतं. पण त्या कागदातली ती ओळ मी यंदा वाचणार नाही. गाळली तर कुणाच्या लक्षात येईल असं वाटत नाही, आणि आलं तर बघून घेईन.

तिकडं माझ्या समारंभाच्या दिवशी सकाळपासून ऊन होतं. आये मिस आर्लीनच्या शेजारी, पाचव्या का सहाव्या रांगेत. हिरवी जरीची साडी, केसांत केशरी वेणी. हातात चर्चचा पंखा, मांडीवर ते छापील कार्ड. वाचता येत नव्हतं, तरी तिनं ते जपून धरलं होतं. आम्ही काळे झगे घालून व्यासपीठाच्या बाजूला ओळीत उभे. आडनावाच्या क्रमानं नावं सुरू झाली. ब गेला, ड गेला, ग गेला. घंटा, शिट्ट्या, भोंगे, हिरवळ नुसती दणाणून गेली होती.

"दर्शना कोळी."

मी पाऊल उचललं. आरडाओरडा झालाच. मिस आर्लीन, तिच्या दोन बहिणी, भाचे, सगळे उठून ओरडले, आणि माझ्यामागं रांगेत उभी असलेली जॅस्मिन तर किंचाळलीच. मी मुद्दाम सावकाश चालले. अध्यक्षांचा हात हातात होता तरी कान रांगेकडं. इतक्या गोंगाटातही तिचा आवाज मला वेगळा कळला असता. आला नाही. खाली उतरताना पाहिलं, तर आये ताठ बसलेली, ओठ मिटलेले, डोळ्यांतून धारा, आणि पंखा छातीशी घट्ट धरलेला.

मी जागेवर येऊन बसले. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. रागही आला. एवढ्या लांबून आली, आगोट बुडवून आली, आणि इथंही त्या खुर्च्यांनी तिला गप्प केलंच. हातातल्या पदवीकडं बघावंसंही वाटेना.

नावं पुढं चालू होती. कुणा मिचेलचं नाव आलं. त्याचे तीस-चाळीस नातेवाईक असतील, सगळ्यांच्या अंगावर त्याच्या फोटोचे टीशर्ट. त्यांनी इतका धुमाकूळ घातला की अध्यक्षांना थांबावं लागलं. लोक दमून, हसत, पंखे हलवत खाली बसले. आणि त्याच वेळी पुढचं नाव आलं.

"मार्कस मॉर्गन."

मार्कस माझ्या इतिहासाच्या वर्गात होता. अबोल मुलगा. त्याच्या घरून कुणी आलं नव्हतं. का ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. लोक आधीच्या गोंधळातून सावरत होते, त्यामुळं त्याच्या नावावर कुणीच काही बोललं नाही. सबंध हिरवळ शांत. तो व्यासपीठावर आला, आणि त्या शांततेत त्याच्या बुटांचा फळ्यांवरचा आवाज ऐकू यायला लागला.

"आरं शाब्बास रं माज्या राजाऽऽ!"

मी ताडकन मान वळवली. आये उभी होती. पंखा खाली पडलेला, एक हात वर, मान मागं टाकलेली, आणि तोच तो बाजाराचा आवाज, रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला थांबवणारा. "ये रं माज्या वाघा! बघा गो बाया, बघा, कसा चाललाय माजा लेक!"

मार्कस थबकला. त्यानं आवाजाच्या दिशेनं पाहिलं. एकही शब्द त्याला कळला नसणार. मग सगळी हिरवळ उठली. मिचेलवाले उठले, घंटा वाजल्या, हॅट उडाल्या, प्राध्यापक उभे राहिले. मार्कसनं दोन्ही हात वर केले आणि खुर्च्यांच्या त्या रांगांकडं बघून तो हसला. चार वर्षांत मी त्याला कधी असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आये खाली बसलीच नाही. एकदा गळा मोकळा झाल्यावर तिला कोण आवरणार? पुढच्या प्रत्येक नावावर तिची हाक होती. जॅस्मिन विल्यम्सचं नाव येईपर्यंत तिचा घसा बसला होता, तरी तिनं मिस आर्लीनच्या तोडीस तोड आवाज काढला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. माझा राग कुठल्या कुठं गेला होता, पण मनातला सल काही गेला नव्हता.

दुपारी झाडांखाली जेवणं चालू असताना मार्कस त्या हिरव्या साडीवाल्या बाईला शोधत आला. तो नुसताच वाकला. आयेनं त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तो गेला तरी ती त्याच्या पाठीकडं बघत होती.

मला राहवलं नाही. "आये, सगळ्यांच्या नावानं ओरडलीस. माझ्या वेळेला तेवढी तोंड मिटून बसलीस."

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू हिला शिकवून काही उपयोग झाला नाही.

"आपल्या पोरीचं कवतिक आपनच आरडून सांगायचं? दृष्ट लागंल ना गो!" तिचा आवाज पार बसलेला होता, त्यामुळं मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. "आनि तुला मी हाय. त्या पोराला त्या टायमाला कोन व्हतं?"